दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी घ्यावी का?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

'मी कराडला राहते आणि पाटणच्या पुढे एका माध्यमिक शाळेत शिकवते. जाऊन-येऊन रोज ऐंशी किलोमीटर होतात. एसटीच्या वेळा शाळेशी जुळत नाहीत, म्हणून साडेतीन लाखांपर्यंत जुनी गाडी घ्यायचं ठरवलंय. तीन गाड्या पाहिल्या. पहिली साताऱ्याच्या एका डॉक्टरांची २०१६ची डिझेल स्विफ्ट. रनिंग १,४८,०००, मागणी ३,४०,०००. ते आठवड्यातून एकदा पुण्याला जातात, एरवी वाई-कोरेगावला. सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली आहेत. दुसरी पुण्यातल्या एका डीलरकडची २०१४ची डिझेल स्विफ्ट. रनिंग फक्त ५८,०००, अगदी चकाचक, ३,५०,०००. तिसरी दीरांच्या ओळखीतली चिपळूणची २०१५ची पेट्रोल वॅगनआर. रनिंग ७१,०००, किंमत २,३०,०००. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, की लाखावर पळालेली गाडी म्हणजे विकतचं दुखणं. शिवाय सासर चिपळूणला, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. घाटात जुनी डिझेल गाडी मला झेपेल का?'

ताई, तीनपैकी कोणती हे विचारलंत, म्हणून आधी तेच सांगतो. साताऱ्याच्या डॉक्टरांची. अर्थात तपासणीत ती नीट निघाली तरच. पुण्याची गाडी मी पाहायलाही गेलो नसतो, आणि चिपळूणच्या वॅगनआरबद्दल एक गोष्ट पक्की कळल्याशिवाय तिच्यात पैसे गुंतवू नका.

घरच्यांची भीती मला समजते. मीटरवरचा आकडा डोळ्यांना दिसतो, बाकी काही दिसत नाही. म्हणून सगळी चर्चा त्या आकड्यापाशीच थांबते. पण थोडा हिशेब करून पाहा. साताऱ्याहून पुणे जाऊन-येऊन साधारण सव्वादोनशे किलोमीटर. आठवड्याला एक खेप धरली तरी वर्षाला अकरा-बारा हजार होतात. वाई-कोरेगावचं त्यात घातलं की पंधरा-सोळा हजार. नऊ-दहा वर्षांत दीड लाखाच्या घरात जायलाच हवं, आणि मीटरही तेच सांगतोय. डॉक्टरांचं बोलणं, बिलं आणि मीटर या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात. जुन्या गाडीत मी सगळ्यात आधी हे जुळणं पाहतो.

आता पुण्याची गाडी. २०१४ पासून ५८,००० म्हणजे वर्षाला पाच हजारांच्या आसपास. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा लाखभर रुपये जास्त देऊन माणूस घेतो ते रोज लांब पळायचं असतं म्हणून. वर्षाला पाच हजार पळणारा डिझेल गाडी सहसा घेत नाही. असा एखादा मालक असू शकतो, पण मग त्याच्याकडे सर्व्हिसची बिलं असतील आणि तो स्वतः समोर येऊन बोलेल. डीलरनं तुम्हाला ना बिलं दाखवली, ना मालक. या गाड्यांचा मीटर डिजिटल असतो आणि तो मागे न्यायला लॅपटॉप आणि छोटंसं यंत्र असलं की पुरतं. पेचकस लावायचीही गरज नाही. म्हणून नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवायचे दिवस केव्हाच गेले.

त्या गाडीबद्दल आणखी एक विचारून घ्या: तिचं पहिलं पासिंग कुठलं? दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या धडधाकट गाड्या स्वस्तात दुसऱ्या राज्यांत विकल्या जातात. गाडी वाईट असेलच असं नाही, पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नव्यानं नोंदणी हे सगळं झालंय का, ते पाहावं लागतं. बनावटीचं वर्ष २०१४ आणि नंबरची सिरीज मात्र अलीकडची, असं दिसलं तर गाडी बाहेरून आलेली आहे असं समजा.

एवढं होऊनही घरच्यांचा जीव पुण्याच्या गाडीत अडकलेला असेल, तर खऱ्या रनिंगचा माग काढता येतो. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवर प्रत्येक खेपेचं रनिंग नोंदलेलं असतं. मालकाला सोबत न्या, त्याच्या संमतीनं ती नोंद पाहायला मिळते. मालक यायला तयार नसेल तर तिथेच उत्तर मिळालं. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ५८,००० किलोमीटरच्या गाडीला फार तर टायरचा दुसरा जोड असायला हवा. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड, ड्रायव्हरच्या सीटची बसलेली बाजू, उघडल्यावर किंचित खाली लोंबणारा दरवाजा, या गोष्टी कुणी मागे फिरवत नाही. पॅडलची रबरं कोरी करकरीत आणि सीट मात्र दबलेली असेल, तर रबरं मुद्दाम बदललेली आहेत.

चिपळूणच्या वॅगनआरचं वेगळं आहे. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा शेकडो कुटुंबांच्या गाड्या दारातल्या दारात बुडाल्या. त्या दिवशी ही गाडी कुठे उभी होती, हे दीरांना त्या मालकाला सरळ विचारू द्या. ओळखीचा माणूस असेल तर तो खरं सांगेल. तरी विम्याचा जुना क्लेम आहे का, ते पाहा. ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर चिखलाचा डाग राहतो. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवर गंज आहे का ते हातानं चाचपा, स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात माती दिसते का पाहा. बुडालेल्या गाडीचं इंजिन सुधारता येतं, पण वायरिंग आणि जोडांमधलं गंजणं वर्षानुवर्षं चालू राहतं. आज एक दिवा, उद्या सेन्सर, परवा काच. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत राहिलेल्या गाडीचा खालचा पत्राही लिफ्टवर घेऊन बघायला हवा, मग ती पुरात बुडालेली असो वा नसो.

वॅगनआर चांगली निघाली, तरी तुमच्या कामाला ती थोडी कमी पडेल असं मला वाटतं. शाळेचे दिवस आणि सासरच्या खेपा धरून वर्षाला तुमचे वीस हजार किलोमीटर होतील. डिझेल स्विफ्टचं ॲव्हरेज कंपनी २५.२ सांगत असे. तुमच्या रस्त्याला वीस मिळालं तर एक हजार लिटर, म्हणजे आजच्या दरानं नव्वद हजारांच्या आसपास. वॅगनआर सतरा देईल, त्याचं पेट्रोल सव्वा लाखाच्या जरा खाली. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या आखणीच्या गाड्यांचं ॲव्हरेज त्यानं सहा-सात टक्के घटू शकतं, असं सरकारच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे वर्षाकाठी तीस हजारांचा फरक पडतो. डिझेलच्या देखभालीला त्यातले काही जातील, तरी बाकी उरतात. हाच प्रवास वर्षाला सहा-सात हजारांचा असता, तर मी डोळे मिटून पेट्रोल म्हटलं असतं.

लाखावर गेलेल्या इंजिनाची एवढी धास्ती का नको, तेही सांगतो. इंजिन सगळ्यात जास्त झिजतं ते थंड असताना, चालू केल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरून थांबणारी गाडी ती झीज दिवसातून दहा वेळा सोसते. सातारा-पुणे हायवेवर एका लयीत दोन तास पळणारी गाडी ती एकदाच सोसते. तिचा क्लच कमी दाबला जातो, ब्रेक कमी लागतात. शिवाय स्विफ्टमधलं १,२४८ सीसीचं डिझेल इंजिन मुळात फियाटच्या आखणीचं, मल्टिजेट कुळातलं. याच कुळातली इंजिनं आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही बनत. टॅक्सीवाल्यांच्या डिझायर याच इंजिनावर अडीच-तीन लाख पळालेल्या तुम्ही रस्त्यावर पाहिल्या असतील. २०१६ची गाडी बीएस-४, म्हणजे धुराच्या आधीच्या नियमांची असल्यानं तिला सायलेन्सरमधला तो काजळीचा फिल्टरही नाही, जो बीएस-६ डिझेलमध्ये तुंबला की खर्चात पाडतो. मात्र या इंजिनाची एक अट आहे: ऑइल वेळेवर आणि योग्य ग्रेडचं. टायमिंगची साखळी आणि टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), दोन्ही ऑइलवरच जगतात. ऑइल टाळलेलं मल्टिजेट ८०,०००ला बसू शकतं. म्हणून डॉक्टरांच्या फाइलमध्ये मी फक्त एक गोष्ट शोधली असती: दर दहा हजारांना ऑइल बदलल्याची नोंद सलग आहे का, की मध्ये पंचवीस हजारांचा खंड आहे.

आता ट्रायलचं. सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघा. बॉनेट कोमट असेल तर कारण विचारा, आणि समाधान झालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन एका सेलमध्ये सुरू व्हायला हवं. डिझेलचा खडखडाट असतोच, पण सुरू होताना साखळी आपटल्यासारखा वेगळा आवाज काही सेकंद येत असेल, तर तो तुमच्या मिस्त्रीला ऐकवा. धुराचा रंग पाहा. निळसर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. गरम झाल्यावरही पांढरा राहत असेल तर इंजिनात पाणी शिरतंय किंवा इंजेक्टर बिघडलाय. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर थोडा काळा येणं या वयाच्या डिझेलला चालतं, ढग मात्र नको. इंजिन चालू असताना ऑइल टाकायच्या तोंडाचं झाकण सैल करून बघायला सांगा. हलकी फुंकर येते, ती चालते. झाकण नाचायला लागलं आणि भसाभस धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे झिजलेल्या इंजिनातला दाब पिस्टनच्या कडेनं गळतोय, तिथून नमस्कार करून निघा. रेडिएटरची टोपी मात्र गरम इंजिनावर कुणालाही उघडू देऊ नका, वाफेनं हात-तोंड भाजतं.

चालवताना रेडिओ बंद, काचा खाली. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढतोय पण गाडी ओढत नाही, तर क्लच संपलाय. २,००० आरपीएमच्या खाली हे इंजिन सुस्त वाटेल, तो त्याचा स्वभाव आहे. त्यापुढे मात्र मागून ढकलल्यासारखी ओढ यायला हवी. ती आली नाही तर टर्बो किंवा त्याचे पाइप बघावे लागतील. खराब रस्त्यावर मुद्दाम न्या. खटखट आली तर बहुतेक लिंक रॉड किंवा बुश असतात, त्याला घाबरू नका, किंमत कमी करायला तो मुद्दा वापरा. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं घूं म्हणजे चाकाचं बेअरिंग गेलंय.

एवढं तुम्ही केलंत, तरी शेवटी गाडी लिफ्टवर चढवून तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून बघून घ्या. विकणाऱ्यानं सुचवलेला मिस्त्री नको. तो स्कॅनर लावेल, खालून ऑइलची गळती पाहील, चेसिसला वेल्डिंग झालंय का पाहील. त्याचे हजार-दोन हजार हा या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात कामी येणारा खर्च आहे.

किमतीबद्दल. ३,४०,००० ही मागणी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्यांचे भाव जुन्याच हिशेबानं कुणी सांगत असेल तर हे नम्रपणे लक्षात आणून द्या. आणि तुमचे साडेतीनच्या साडेतीन लाख गाडीत घालू नका. चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवूनच बोलणी करा, म्हणजे व्यवहार तीन लाखांच्या आसपास बसायला हवा. घरी आणल्याबरोबर ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, बाहेरचा बेल्ट, सगळं एकदा बदलून घ्या, फाइलमध्ये काहीही लिहिलेलं असो. त्या तारखेपासून गाडीचा इतिहास तुमच्या हातात येतो. क्लच मूळचाच असेल तर येत्या वर्ष-दोन वर्षांत प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संच बदलावा लागेल, त्याचे लेबरसकट पंधराएक हजार धरा. टायर पाच-सहा वर्षांपलीकडचे असतील तर नक्षी शिल्लक असली तरी बदला. पाटणकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको, आणि कडक झालेलं रबर ओल्या रस्त्याला धरत नाही.

कागदपत्रांत मी एकाच बाबतीत हट्टानं बोलणार आहे: नाव. टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी घरी आणायची आणि नावावर करायचं काम 'बघू नंतर' म्हणून वर्षभर ठेवायचं, ही आपल्याकडची सर्रास रीत. ती दोघांनाही बुडवते. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून डॉक्टरांनाही हे लवकर हवंच असेल. तुमच्या बाजूनं कायदा तीस दिवसांची मुदत देतो. विमा मात्र चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. त्या पॉलिसीतला नो क्लेम बोनस डॉक्टरांचा, गाडीबरोबर तो येत नाही. फरकाचे पैसे भरावे लागतील. बँकेचा बोजा असेल तर तो ३५ नंबरच्या फॉर्मनं उतरलेला हवा, नुसतं बँकेचं पत्र पुरत नाही. थकलेले ई-चलान नंबर टाकून आधीच पाहा आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का तेही. एमएच-११ची गाडी कराडच्या आरटीओला नावावर झाली तरी नंबर तोच राहतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१६ची गाडी २०३१ पर्यंत निर्धास्त, तर २०१४ची दोन वर्षं आधीच संपते, आणि तरी तुमच्याकडे तिचे जास्त पैसे मागितलेत.

राहिला घाट. ताई, झेपेल, आणि पेट्रोलपेक्षा सोपं वाटेल. चढावर लक्षात ठेवायचं ते एवढंच, की इंजिन २,००० च्या खाली पडू द्यायचं नाही. ॲव्हरेज वाचवायला वरच्या गिअरमध्ये रेटत राहिलात तर इंजिन धडधडतं, क्लचवर आणि बेअरिंगांवर ताण येतो. वळण दिसलं की वळणाच्या आधी दुसरा गिअर घ्या, वळणात गिअर बदलू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, त्यामुळे उतरताना समोरून ट्रक चढत असेल तर तुम्ही थांबा.

उतारावर गाडी कधीही न्यूट्रल करू नका. डिझेल वाचतं अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की हे इंजिन तसंही डिझेल घेत नाही. न्यूट्रलमध्ये सगळं ओझं ब्रेकवर येतं, ते तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक थोडा दाबून सोडत राहा. पावसाळ्यात कुंभार्लीत धुकं उतरतं, तेव्हा लाइट लोवर ठेवा. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांतच येतो. घाटमाथ्यावर पोहोचल्याबरोबर चावी फिरवून इंजिन बंद करू नका. मिनिटभर तसंच चालू राहू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं.

पहिल्या दोन-तीन खेपा दिवसाउजेडी करा, सोबत घाटाची सवय असलेलं कुणीतरी घ्या. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा बोलण्याआधी ती बिलांची फाइल मागा. इसार देणार असाल तर पावतीवर लिहून घ्या, की मिस्त्रीच्या तपासणीत इंजिन, गिअरबॉक्स किंवा चेसिसमध्ये मोठा दोष निघाला तर इसार परत मिळेल. तपासणी झाल्यावर मिस्त्रीनं काय सांगितलं ते कळवा, पुढची किंमत आपण त्यावरून ठरवू.